मालिकेपुरतं बोलणं

नवी मालिका सुरू होऊन पुरता महिनाही झाला नव्हता, आणि तेवढ्यात तिच्यात एक लग्न, एक अपघात, एक कोर्टकचेरी आणि एक मयत उरकून झालं होतं. थोरलीला हे मुळीच पसंत नव्हतं. लग्नाबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं, ती काय होतच असतात. पण मयत? घरातले पणजोबा सोमवारी गेले आणि मंगळवारी सगळे कडक इस्त्रीचे कपडे घालून कचेरीला निघाले. रडायला कुणाला सवडच नाही. "याला काय मालिका म्हणायचं?" ती सुनेला म्हणाली. "या तर बातम्या झाल्या. मेले, सांगितलं, पुढची बातमी."

थोरली म्हणजे घरातली थोरली सून. सासू-सासरे गेले, नवरा गेला, तिला स्वतःला सून आली, तरी गल्लीच्या तोंडी तिचं नाव थोरलीच राहिलं, आणि तिलाही ते आवडायचं. जन्मात मिळालेला तो एवढाच हुद्दा. नाक्यावरच्या टेलरकडून शर्टांचा गठ्ठा यायचा आणि ती खिडकीपाशी बसून काजं करायची, बटणं लावायची. काजं आता मशीन करतं, पण टेलरची काही जुनी गिऱ्हाइकं हातच्या काजाशिवाय शर्ट अंगाला लावत नसत. हात सुईवर, डोळे हातावर आणि कान टीव्हीकडे, अशी तिची संध्याकाळ वर्षानुवर्षं ठरलेली होती.

जुन्या मालिका कानांनी बघता यायच्या. कुणीतरी एक भयंकर वाक्य बोलायचं, मग ढण्ण करून संगीत वाजायचं, मग दिवाणखान्यातल्या प्रत्येक माणसाचं तोंड एकेक करून दाखवायचे, त्यात घरगडीसुद्धा सुटायचा नाही. तेवढ्यात थोरलीचं अर्धं काज व्हायचं. मान वर करायची गरजच नसे. कुणाचं तोंड कसं झालं असेल हे तिला न बघता कळायचं. मुलगा चेष्टा करायचा, "आई, यांच्या हातातून कप पडायला तीन दिवस लागतात." ती म्हणायची, "पडू दे की. पडल्यावर काय होणार ते तुला ठाऊक आहे का? नाही ना? मग बस गप."

कारण रेंगाळणं हीच मालिकेतली खरी चीज आहे, असं तिचं पक्कं मत होतं. ज्या बाईनं दुसरीचं वाईट केलंय, ती पहिल्याच आठवड्यात पकडली गेली तर त्यात बघायचं काय? तिला रोज संध्याकाळी थोडं थोडं भाजलं पाहिजे. आज संशय, उद्या चिठ्ठी, परवा चिठ्ठी भलत्याच्या हातात. तिची झोप उडाली पाहिजे, घास घशात अडकला पाहिजे. आणि मग एका दिवशी, सगळं घर जमलेलं असताना, तिच्याच तोंडून खरं बाहेर पडलं पाहिजे. असा दिवस पाहायला थोरली वर्ष-वर्ष थांबायची आणि थांबल्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही.

नव्या मालिकेत हे सगळं निकालात काढलेलं. जाहिरातीतच सांगायचे, वेगवान कथा, एकही क्षण चुकवू नका. थोरलीचे तर रोज अर्धे क्षण चुकायचे. माणसं तोंडानं बोलतच नव्हती. मोबाईलकडे बघायची, त्यावरचा निरोप पडद्यावर उमटायचा आणि हिच्या डोळ्यांवर सुईकामाचा चष्मा. तो काढून लांबचा लावेपर्यंत निरोप गायब आणि निरोप वाचणारी बाई दुसऱ्या गावी पोचलेली. एकदा अशा धांदलीत सुई बोटात खोल गेली आणि पांढऱ्या कॉलरवर रक्ताचा ठिपका पडला. सून म्हणाली, "नाही ना आवडत, मग सोडा की ती मालिका."

सुनेचं म्हणणं बरोबर होतं. पण ती मालिका थोरलीला सोडता येत नव्हती, आणि त्याचं कारण भिंतीपलीकडे राहत होतं.

भिंतीपलीकडे धाकटी होती, तिची जाऊ. एकच घर, मधोमध भिंत घालून दोन केलेलं. स्वयंपाकघरं दोन झाली, मीटर दोन झाले, पुढची दारं दोन झाली. मागच्या अंगाला नळ आणि त्याच्यापुढची लांबलचक दगडी पायरी मात्र एकच राहिली, कारण पायरीवर भिंत घालायला गवंडी तयार होईना. भांडण झालं ते कपडे वाळत घालायच्या दोरीवरून, असं सगळ्यांना वाटतं. दोरीवरून काय घरं फुटतात होय? दोरी निमित्ताला होती. खरं भांडण सासूच्या मरणाचं होतं.

सासू अंथरुणाला खिळली ती चांगली काही वर्षं. धाकटी नोकरीला, म्हणजे सगळं थोरलीकडे. कूस बदलायची, चादरी काढायच्या, भरवायचं, तोंड पुसायचं, हाक आली की ताटावरून उठायचं. म्हातारी गोड बोलणाऱ्यातली नव्हती, तेही ऐकून घ्यायचं. शेवटच्या दिवशी धाकटीला सुट्टी होती. ती म्हणाली, "ताई, तुम्ही जरा पडा. मी बसते यांच्यापाशी." थोरली आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली आणि कित्येक दिवसांनी तिला गाढ झोप लागली. ती उठली तेव्हा सगळं आटपलं होतं. म्हातारीचं डोकं धाकटीच्या मांडीवर होतं.

मग माणसं भेटायला येऊ लागली. येणारा प्रत्येक जण धाकटीपाशी बसायचा. धाकटीच्या मांडीवर जीव सोडला हो. भाग्यवान म्हातारी. नोकरी सांभाळून किती केलं पोरीनं. धाकटी मान खाली घालून ऐकून घ्यायची. थोरली चहाचे कप फिरवत होती. केलं ते सगळं ताईंनी, एवढं एकच वाक्य धाकटीनं म्हणायचं होतं. थोरलीनं त्या दिवशी वाट पाहिली, त्या आठवड्यात पाहिली, कप उचलताना मुद्दाम रेंगाळून पाहिली. ते वाक्य काही आलं नाही. भिंत झाली ती त्यानंतर, आणि थोरली आजतागायत त्याच वाक्याची वाट पाहत होती. तिला दुसरं काही नको होतं.

भिंत झाल्यावर बरेच दिवस अबोला. मग एका संध्याकाळी एका मालिकेत नायिकेला जिन्यावरून ढकललं आणि भाग संपला. दोघी आपापली भांडी घेऊन मागच्या पायरीवर आल्या. धाकटी हवेला उद्देशून म्हणाली, "मेली तर नसेल ना?" थोरली नळाला म्हणाली, "नायिका आहे. अशी कशी मरेल?"

तिथून सुरू झालं. रोज भाग संपला की भांडी घेऊन पायरीवर यायचं, एकीनं या टोकाला बसायचं, दुसरीनं त्या टोकाला, आणि पुढे काय होणार यावर बोलायचं. दोघींनी न ठरवता ठरलं होतं की पायरीवर घरचं काढायचं नाही. मालिकेपुरतं बोलायचं. धाकटीच्या टीव्हीचं कनेक्शन दुसऱ्या कंपनीचं, तिचा टीव्ही कसा कोण जाणे पण श्वासभर पुढे असायचा. त्यामुळे थोरलीला प्रत्येक वाक्य आधी भिंतीतून ऐकू यायचं आणि मग समोरून. यावरूनही थोरली मनात म्हणायची की हिला सगळ्यातच पुढे पुढे करायची सवय.

धाकटीची एकुलती लेक परगावी असायची. धाकटीचा नवरा गेला तेव्हा थोरली रीतसर जाऊन बसली आणि रीतसर उठून आली. दोघी एकमेकींशी अक्षर बोलल्या नाहीत. थोड्या दिवसांनी धाकटी पुन्हा पायरीवर आली आणि म्हणाली, "बरेच भाग बुडाले." थोरलीनं तिला ते सगळे सांगितले. सावकाश, एकेक वळण घेत, संगीत कुठे वाजलं तेसुद्धा. सांगता सांगता अंधार पडला. तेवढंच सांत्वन त्या दोघींना जमलं.

आता कळेल की नव्या मालिकेच्या घाईवर थोरली एवढी का चिडली होती. पायरीवरचं बोलणं सगळं अंदाजावर चालायचं. आज चिठ्ठी सापडली आणि वाचणार आठवड्यानं, की आठवडाभर दोघींना पुरायचं. नव्या मालिकेत चिठ्ठी सापडण्याआधीच वाचलेली. अंदाज करायला जागाच नाही. दोघी भांडी घासायच्या, एखादीनं म्हणायचं, "झालं बाई ते," दुसरीनं म्हणायचं, "हो, झालं," आणि नळ बंद. पायरीवर बसायला काही कारण उरत नव्हतं.

पण त्याच मालिकेत थोरलीसाठी एक मोठं आमिष होतं. तिच्यात दोन जावा होत्या. त्यांच्यातल्या थोरलीनं सासऱ्याला आजारातून उठवलं होतं आणि धाकटीनं ते नाव स्वतःला लावून घेतलं होतं. हे कळलं त्या दिवशी आपल्या थोरलीनं सुई खाली ठेवली. शेवटी एकदाचं कुणीतरी लिहिलं. आता त्या धाकटीला भाजतील. तिनं मनातल्या मनात दोन-एक वर्षांची तरी बेगमी धरली. पायरीवर मालिकेतल्या त्या दोघींना नावांनी कुणी ओळखत नव्हतं, थोरली आणि धाकटी असंच म्हणायचं ठरून गेलं.

आणि काय व्हावं? पुढच्याच आठवड्यात मालिकेतली धाकटी उठली, थोरलीच्या पायाशी बसली, भडाभडा सगळं ओकली, थोरलीनं तिला उठवून मिठी मारली आणि जाहिराती लागल्या. जाहिराती संपल्या तेव्हा कारखान्याला आग लागली होती.

थोरली तावातावानं पायरीवर गेली. धाकटी आधीच येऊन बसली होती. भांडी नव्हती तिच्याजवळ.

"धाकटीनं सांगून टाकलं ते बरं केलं," धाकटी म्हणाली.

"घाई केली."

"लोक म्हणत होते तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं तिनं. तेव्हा जीभच उचलली नसेल. मग जितके दिवस जातात ना, तितकं जड होत जातं. केलं ते सगळं थोरलीनं. धाकटी नुसती शेवटी बसली होती."

मालिकेतली धाकटी शेवटी वगैरे कुठेच बसली नव्हती. मालिकेतला सासरा तर ठणठणीत होता, आजच्याच भागात त्यानं कारखान्यात सगळ्यांना झापलं होतं. थोरलीच्या हातातलं पातेलं नळाखाली भरून वाहू लागलं. तिला कळलं. कळलं नाही असं म्हणण्यात काही अर्थ नाही, लख्ख कळलं. आधी मनात आलं, आलं बाई ते वाक्य. आणि पाठोपाठ आलं, एवढंच? इतक्या वर्षांचं एवढ्यात? तेही पायरीवर, तिन्हीसांजेला, ऐकायला कुणी नसताना, दुसऱ्या धाकटीच्या नावावर खपवून? तिनं म्हणायला हवं होतं ते चारचौघांत. एकदा नव्हे, चारदा. थोरलीनं लगेच मान डोलावली तर हिचं फावलंच की. आता कुठे सुरुवात झालीय, अजून पुष्कळ भाग आहेत.

"मला नाही पटलं," थोरली म्हणाली. "इतके दिवस मूग गिळून बसलेली बाई अशी एका भागात बोलून मोकळी होते होय? आणि ती थोरली तरी किती मऊ. मी लिहीत असते ना, तर दार लावून घेतलं असतं तिच्या तोंडावर. महिनोन् महिने उंबऱ्यात उभी ठेवली असती."

धाकटीनं उठून वाहता नळ बंद केला. मग म्हणाली, "तेवढे भाग मिळाले पाहिजेत ना," आणि आत गेली.

त्या संध्याकाळी थोरली खुशीत होती. तुम्हाला रुचो न रुचो, पण ती खुशीत होती. सुनेनं केलेल्या भाजीला तिनं नावं ठेवली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ती पायरीवर लवकर जाऊ लागली. धाकटी यायची, भांडी घासायची, आगीबद्दल बोलायची. दुसरा हप्ता काही येईना. येईल, थोरली म्हणायची. घाई कुणाला आहे?

मग मालिकेनं उडी मारली. काल पाळण्यात असलेली धाकटीची लेक आज परगावी नोकरीला. मधली वीस वर्षं गडप. दोन्ही जावांच्या डोक्यावर एकेक पांढरी बट रंगवून दिली होती, तेवढंच काय ते वय. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माणसं वीस वर्षं एका घरात राहिली त्याला काही किंमतच नाही? त्या वीस वर्षांत कोण कुणाशी कसं वागलं, कोण काय गिळून बसलं, ते कुणी बघायचं? ती तशीच धुसफुसत पायरीवर गेली.

धाकटी टोकाला बसली होती. "धाकटी आता लेकीकडे जाणार," ती म्हणाली. "कायमची. लेक म्हणते, एकटी कशाला राहतेस."

धाकटी मोबाईलवर पुढच्या भागांच्या बातम्या वाचायची, तिला नेहमीच आधी कळायचं. थोरलीच्या रागात आणखी तेल पडलं. "जातेय कुठली," ती म्हणाली. "अजून दोघींचं धड भांडणसुद्धा झालेलं नाही."

"समजा गेली तर?"

"गेली तर गेली. बरंच होईल. नाहीतरी आता तिचं काम काय उरलंय तिथं? उगाच जागा अडवून बसलीय."

"थोरलीला काही वाटणार नाही?"

"तिला काय वाटायचंय? सुटले एकदाची म्हणेल."

धाकटीनं पदरानं हात पुसले, ते ओले नव्हते तरी. "बरं," ती म्हणाली.

त्यानंतर धाकटी पायरीवर आली नाही. एक संध्याकाळ, दोन संध्याकाळी, आणखीही. थोरलीला वाटलं, फुगली असेल. फुगू दे. फुगलेली माणसं बोलायला लागली की भडाभडा बोलतात. भिंतीतून खोकी सरकवल्याचा आवाज यायचा, ठोकाठोक ऐकू यायची, ती म्हणायची, साफसफाई काढली असेल बाईनं. ती काजं करत राहिली.

एका सकाळी सून घाईघाईनं आत आली. "आई, गाडी आली. येताय ना?"

"कसली गाडी?"

"काकूंची. त्या जातायत ना आज लेकीकडे." सुनेनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती चपापली. "तुम्हाला ठाऊक आहे ना? काकूच म्हणाल्या, मी ताईंना पायरीवर सांगितलंय, त्यांचं काही म्हणणं नाही."

थोरलीच्या बोटात सुईकामाचं अंगुस्तान अजून होतं, ती तशीच उठली, अनवाणीच पुढच्या दारानं बाहेर पडली आणि वळसा घालून धाकटीच्या दारापाशी गेली. इतक्या वर्षांत ती या बाजूनं दोन-तीनदाच आली असेल. गाडीचं मागचं झाकण उघडं होतं, धाकटीची लेक ड्रायव्हरला बॅगा कशा लावायच्या ते सांगत होती, शेजारपाजारचे पाच-सहा जण निरोपाला उभे होते. दाराला कुलूप लागलं होतं. धाकटी स्वेटर घालून पर्स छातीशी धरून उभी होती. पायरीवर ती नेहमी बाजूनं दिसायची, संध्याकाळच्या उजेडात. सकाळच्या उन्हात समोरून ती फार म्हातारी दिसली.

थोरली तिच्या अगदी जवळ गेली, कुणाला ऐकू जाणार नाही इतकी. "अगं," ती म्हणाली, "ते मी त्या धाकटीबद्दल म्हणाले. मालिकेतल्या."

"हो का?"

"खरंच सांगते. तू तुझं सांगतेयस हे मला काय ठाऊक?"

धाकटीनं तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "आणि त्याच्या आधी, ताई? केलं ते सगळं थोरलीनं, असं म्हणाले मी. तेव्हाही तुम्हाला ती मालिकेतलीच वाटली?"

हो म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. पण थोरलीला ते साधेना, आणि नाही म्हणणं तर त्याहून कठीण. नाही म्हणजे मला कळलं होतं, आणि कळूनही मी तुला उंबऱ्यात उभी ठेवली. धाकटी थांबली. माणसानं जितकं थांबावं तितकी थांबली. लेकीनं झाकण आपटून लावलं आणि हाक मारली.

"येते, ताई," धाकटी म्हणाली आणि गाडीत बसली.

गाडी वळणापलीकडे गेली. शेजारीपाजारी अजून तिथंच रेंगाळत होते. त्यातली एक म्हातारी म्हणाली, चांगली होती हो धाकटी, सासूचं काय केलं होतं तिनं. सून थोरलीपाशी आली. "काय बोलत होत्या काकू एवढं?" सगळे थोरलीकडे बघू लागले. चारचौघे होते, सकाळ होती, आणि ते वाक्य जसंच्या तसं तिच्यापाशी होतं. म्हणायला आता तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

"काही नाही गं," थोरली म्हणाली. "मालिकेचं."